प्रश्न तुमचे, उत्तरं जीवशास्त्राची : 25 टक्क्यांचा अर्थ

प्रश्न : माझे आई-बाबा दोघंही सिकलसेलचे वाहक आहेत. आम्ही चार भावंडं. सगळ्यात मोठा दादा सिकलसेलचा रुग्ण आहे. पुस्तकात 25 टक्के दिलं आहे, म्हणजे चौघांतला एक. तो दादा झाला, बाकीचे तिघं सुटलो, असं घरचे म्हणतात. माझी तपासणी झालेली नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का?
*(बारावी विज्ञान, धानोरा तालुका, जि. गडचिरोली)*

उत्तर : बरोबर नाही, आणि या समजापायी तपासणी लांबवू नकोस. आईजवळ बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिन साखळीच्या) जीनच्या दोन प्रती आहेत, एक ए (साधी) आणि एक एस (सिकलसेलची). बाबांजवळही तशाच. मूल राहतं तेव्हा दोघांकडून एकेकच प्रत येते. कोणती येईल, याचा आधीच्या बाळंतपणाशी काहीही संबंध नसतो. दादाच्या वेळी दोन्हीकडून एस आला. तुझ्या वेळी चिठ्ठ्या पुन्हा नव्याने उचलल्या गेल्या. 25 टक्के ही प्रत्येक बाळाची स्वतंत्र शक्यता आहे, घराला ठरवून दिलेला वाटा नाही.

हिशेब करून बघ. असे दोन वाहक आणि चार मुलं असतील, तर एकही रुग्ण नसण्याची शक्यता 256 पैकी 81, म्हणजे सुमारे 32 टक्के. नेमका एकच रुग्ण असण्याची 42 टक्के. दोन किंवा जास्त रुग्ण असण्याची उरलेली 26 टक्के. ‘चौघांतला एक’ हे निम्म्या घरांतही जुळत नाही.

आणखी एक गोष्ट, परीक्षेतही हमखास चुकणारी. तपासणीत तू रुग्ण नाहीस असं निघालं, तर वाहक असण्याची शक्यता किती? मुलं 50 टक्के लिहितात. चार सारख्या शक्यता होत्या : एक एए, दोन एएस, एक एसएस. त्यातली एसएस आता बाद झाली. उरली एक एए आणि दोन एएस. म्हणून उत्तर दोन-तृतीयांश.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. बोट टोचून घेतलेलं थोडंसं रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात. त्यातल्या डायथायोनाइटने हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि एस हिमोग्लोबिन विरघळेनासं होतं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर एस आहे. पण तो एकेरी आहे की दुहेरी, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावीच लागते. सहा महिन्यांखालचं बाळ, नुकतंच रक्त चढवलेला माणूस आणि रक्त फार कमी असलेला रुग्ण, या तिघांत एस असूनही चाचणी ‘नाही’ दाखवू शकते.

लग्न जुळवताना अनेक घरी ‘मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आहे’ एवढ्यावर थांबतात. तेवढं पुरत नाही. समोरचा बीटा थॅलेसेमियाचा (बीटा ग्लोबिन कमी किंवा अजिबात न बनण्याच्या आजाराचा) वाहक असेल तर ही चाचणी स्वच्छच येते. पण एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा जीन आला, तर बाळाला सिकलसेलसारखाच गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून वाहकाच्या जोडीदाराची एचपीएलसी करावी, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : वाहक म्हणजे अर्धा आजारी का? एस प्रभावी की अप्रभावी?
*(अकरावी, मूल, जि. चंद्रपूर)*

उत्तर : वाहक आजारी नाही. त्याच्या लाल पेशीत दोन्ही हिमोग्लोबिन बनतात, सहसा एस 35 ते 40 टक्के आणि बाकी बहुतेक ए. एवढ्यावर रोजच्या जगण्यात पेशी विळ्यासारखी वाकत नाही. म्हणून आजाराच्या बाबतीत एस अप्रभावी. पण रक्तातली प्रथिनं तपासली तर दोन्ही दिसतात, म्हणून तिथे सहप्रभावी. एकाच जीनला दोन्ही शब्द लागू होतात, तुम्ही कुठे पाहता त्यावर. बदल मात्र एका अक्षराचा आहे : डीएनएवर जीएजीच्या जागी जीटीजी. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं.

प्रश्न : बाबा म्हणतात, यंदा बियाण्याचं पाकीट न घेता मागच्या पऱ्हाटीची सरकी राखून पेरू. मास्तर म्हणतात, चालत नाही. का नाही, हे जेनेटिक्सने सांगा.
*(बारावी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)*

उत्तर : पाकिटातली सरकी संकरित, म्हणजे एफ-1 (संकराची पहिली पिढी). तिच्या झाडाच्या बोंडातली सरकी एफ-2 (दुसरी पिढी). दोन वेगळ्या वाणांच्या मिलनामुळे एफ-1 मध्ये जिथे जिथे वाण वेगळे, तिथे जोडी मिश्र असते. संकराचा जोम त्यातूनच येतो. कपाशी बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. एकदा स्वपरागण झालं की त्या मिश्र जोड्यांपैकी सरासरी निम्म्याच उरतात. शेतात ते डोळ्यांनी दिसतं : एक झाड कमरेइतकं, शेजारचं गुडघ्याइतकं, बोंडं लहान-मोठी, वेचणी एकत्र येत नाही.

आता बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी. तिच्या बीजी-2 या प्रकारात त्या विषाचे दोन जीन आहेत, क्राय-1-एसी आणि क्राय-2-एबी. ते संकराच्या एकाच पालकाकडून आले असतील, तर एफ-2 मध्ये मेंडेलचं 9:3:3:1 समोर येतं. सोळांपैकी नऊ दाण्यांत दोन्ही, तीन-तीन दाण्यांत एकेक, आणि एका दाण्यात काहीच नाही.

हे वाटप तुमच्या आत्ताच्या शेतातही आहे, कारण एफ-1 झाडाच्या बोंडात बसलेली सरकी एफ-2 ची असते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात विष नसलेले, कमी असलेले आणि पूर्ण असलेले दाणे शेजारी-शेजारी असले की अळीला जगून सरावायला संधी मिळते. प्रतिकारक्षमता वाढण्याचं हे एक कारण मानलं जातं. 2017 च्या हंगामात विदर्भाने या अळीचा फटका सोसला आहे.

बाबांना बियाण्याचा खर्च वाचवायचा असेल, तर सरळ वाण घ्यावं; त्याच्या जोड्या शुद्ध असतात, सरकी राखता येते. त्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत चौकशी करा.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. 3:1 मुलांच्या हातून कसं काढून घेऊ?
*(शिक्षिका, धारणी, जि. अमरावती)*

उत्तर : शर्टाची एकाच मापाची बटणं घ्या, 100 काळी, 100 पांढरी. दोन डबे, प्रत्येकात दोन्ही रंगांची 50-50. एक डबा आईचा, एक बाबांचा. डोळे मिटून दोन्हीतून एकेक बटण काढायचं, जोडी वहीत लिहायची, बटण परत टाकून डबा हलवायचा. काळं प्रभावी धरा. अशा 100 जोड्या.

गोंधळ तीन ठिकाणी होतो. बटण परत टाकलं नाही की शक्यता बदलत जाते. हरभरा आणि काबुली चणा वापरला की बोटाला फरक कळतो आणि मुलं नकळत निवडतात. तिसरं म्हणजे दहा-बारा जोड्यांवर थांबणं. तिथे 6:6 सुद्धा येईल आणि मुलं म्हणतील नियम खोटा. मेंडेलने वाटाण्याचे 7,324 दाणे मोजले तेव्हा 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे 2.96:1. त्यालाही नेमके तीन मिळाले नव्हते.

मोठ्या मुलांकडून काय-स्क्वेअर काढून घ्या, म्हणजे आलेला आकडा 75:25 या अपेक्षेपासून किती दूर आहे त्याचं माप; 3.84 पर्यंतचा फरक निव्वळ योगायोग मानतात. 68:32 आलं तर 49 भागिले 75 अधिक 49 भागिले 25, म्हणजे 2.61, 3.84 पेक्षा कमी, चालेल. 65:35 ला 5.33 येतं. तेव्हा आधी डबा नीट हलवला होता का ते विचारा आणि 100 जोड्या पुन्हा काढा.

प्रश्न : आई-वडील दोघंही ओ गटाचे, मुलगी ए. हे कसं?
*(बीएस्सी प्रथम वर्ष, गोंदिया)*

उत्तर : आधी तिघांचाही गट पुन्हा तपासा, कार्डावरची चूक हे पहिलं कारण समजावं. बरोबर निघाला, तर आई-वडिलांपैकी एकाचा ‘बॉम्बे’ गट असू शकतो. हा 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला. अशा माणसाकडे ए जीन असू शकतो, पण एच जीनच्या दोन्ही प्रती निकामी असतात. एच हा पाया. तोच नाही तर ए बसणार कशावर? साध्या चाचणीत तो ओ वाटतो. अँटी-एचने (एच ओळखणाऱ्या द्रवाने) तपासलं की उघड होतं. अशा व्यक्तीला ओ गटाचं रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं, म्हणून नोंद कार्डावर ठळक करून ठेवा. आणि वर्गात मुलांच्या घरची कार्डं मागवून कुणाच्या नात्याबद्दल निष्कर्ष काढू नका.