‘प्रायमर’ला ‘अस्तर’ म्हणावे का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: रेट्रोव्हायरसवरचे (आपल्या आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विषाणूंवरचे) टिपण मराठीत लिहिताना ‘प्रायमर’ला ‘अस्तर’ म्हटले तर चालेल का? चतुर्थीआधी घर रंगवताना भिंतीला प्रायमर मारतात, त्यावरून त्यांना हा शब्द सुचला.

माझ्या मते चालणार नाही. अस्तर कोटाचे असो की भिंतीचे, ते सगळीकडे पसरते आणि कायम खाली राहते. पेशीतला प्रायमर एकाच जागी बसतो, डीएनएच्या नव्या धाग्याला टोक देतो आणि काम झाले की काढून टाकला जातो.

माझी मावशी बाल्कांवात बसून क्रोशाचे विणकाम करते. सुईवर आधी एक सरकगाठ. तिच्या फासातून धागा ओढला की पहिली साखळी, त्या साखळीतून दुसरी. गाठच नसेल तर सुई कितीही फिरवा, काही विणले जात नाही. 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराचेही (एन्झाइमचेही) असेच आहे. ते आरएनए वाचून डीएनए लिहिते, पण पहिले अक्षर कोऱ्या जागी लिहू शकत नाही. आधीच असलेल्या धाग्याचे मोकळे टोक त्याला लागते.

ही गाठ विषाणू स्वतः बनवत नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तसा तो पेशीतला तयार ट्रान्सफर आरएनए (अमिनो आम्ल वाहून नेणारा रेणू) उचलतो आणि नवा विषाणू बाहेर पडतानाच तो आत भरून नेतो. एचआयव्ही-1 लायसिन या अमिनो आम्लाचा घेतो, उंदरांतला ल्युकेमियाचा विषाणू प्रोलिनचा, कोंबड्यांतला राऊस सार्कोमाचा विषाणू ट्रिप्टोफॅनचा. विषाणूच्या आरएनएवर 18 अक्षरांची एक जागा असते, ती या रेणूच्या शेवटच्या 18 अक्षरांशी जुळते. ही अक्षरे मूळ रेणूच्या घडीत आपसांतच जुळलेली असतात, म्हणून घडी आधी सैल करावी लागते. विषाणूचीच प्रथिने ते काम करतात. मग नवा डीएनए त्याच टोकाला जोडून पुढे वाढत जातो.

ट्रान्सफर आरएनएला मी ‘वाहक आरएनए’ म्हणतो. कदंबच्या बसमधल्या वाहकामुळे शब्द ओळखीचा आहे, आणि हा रेणू अमिनो आम्ले वाहून नेतो हेही त्यातून कळते. फक्त टिपणात एक वाक्य जरूर घाला: प्रायमर होताना हा वाहक रिकामा असावा लागतो. टोकाला अमिनो आम्ल असेल तर तिथे डीएनए जोडताच येणार नाही.

आता ‘प्रायमर’साठी सुचू शकणारा दुसरा शब्द, ‘आरंभक’. शब्द सुटसुटीत आहे, पण मला खटकतो. लेखक, गायक, पाठक यांतला ‘क’ कर्ता दाखवतो. इथे आरंभ करते ते विकर. प्रायमर फक्त टोक पुढे करतो. म्हणून मी ‘आरंभखंड’ सुचवतो. पहिल्या वेळी शेजारी ‘प्रायमर’ही लिहावे, मुलांना पुढे तोच शब्द भेटणार आहे. वाक्य असे होईल: ‘एचआयव्ही-1 लायसिनचा वाहक आरएनए आरंभखंड म्हणून वापरतो.’