जिममधला आवाज मलाच का सहन होत नाही?

"मॅडम, जिममधे इतक्या जोरात गाणी लावतात की डोकं धरून बसावंसं वाटतं, बाकीच्यांना काहीच होत नाही, मग माझंच काहीतरी बिघडलंय का?" मी समुपदेशक आहे, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि विचारणारे जवळजवळ सगळेच आवाज खाली आणून विचारतात, जणू काही गुन्हा कबूल करतायत. म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पन्नाशीला टेकलेल्या. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा नाशिकच्या कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला सुरुवात केली, मग डॉक्टर म्हणाले नुसतं चालून भागणार नाही, थोडी वजनं पण उचला. गंगापूर रोडच्या एका जिममधे वर्षाची फी एकदम भरली आणि तिसऱ्या महिन्यात जाणं बंद. माझ्याकडे आल्या ते हेच घेऊन, की "मी कुठलीच गोष्ट तडीला नेत नाही, आळशी आहे, पैसे वाया घालवले." आवाजाचा विषय मधे कुठेतरी आला, तो पण "ते जाऊ द्या" म्हणत.

मी नेहमीचं विचारत गेले, झोप कशी आहे, घरी कोण कोण, चिडचिड कधी होते. घरी सासूबाई, त्यांना कमी ऐकू येतं त्यामुळे टीव्ही फुल, संध्याकाळी सहा ते दहा सिरियली, आणि आईंना काय बोलणार म्हणून ताई स्वयंपाकघरात दार लोटून बसणार. मला वाटलं सापडलं, घरातला राग जिमवर निघतोय. तसं लिहूनही ठेवलं मी वहीत.

निघताना पर्स उचलली आणि वर बघत म्हणाल्या, "तुमच्या फॅनचा कसा किर्र आवाज येतोय, नाही? मी जिमवरून आले ना की घरातला फॅन मला दोन-तीन तास ऐकूच यायचा नाही. आणि कानात एकसारखी बारीक शिट्टी, लांब कुणाच्यातरी घरी कुकर लावल्यासारखी." मी त्यांना परत खाली बसवलं. वहीत लिहिलेलं खोडलं.

कारण हे मनाचं नव्हतं, कानाचं होतं. आतल्या कानात अगदी बारीक केसासारख्या पेशी असतात, आवाजाच्या माऱ्याने त्या थकतात, तेवढ्यापुरतं ऐकणं बधिर होतं आणि शिट्टी वाजते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत बरं वाटतं म्हणून आपण विसरतो, पण हे रोज होत राहिलं तर पेशी मरतात, आणि माणसाच्या त्या पेशी परत उगवत नाहीत. तेव्हा ज्याला त्रास होतो त्याचा कान नाजूक आणि बाकीच्यांचे मजबूत असं काही नाही, नुकसान तर ज्याला गाणी आवडतात त्याचंही होतं. काहींना मायग्रेनमुळे किंवा दुसऱ्या कारणाने आवाज जास्त टोचतो हे खरं आहे, पण तेही नाटक नसतं.

ताईंना मी आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना जराशी घसरण दिसली, बाकी ठीक. कान सारखा वाजत असेल, एका बाजूने कमी ऐकू येत असेल किंवा चक्कर येत असेल तर समुपदेशकाच्या आधी तिकडेच जा, हे मी आता सगळ्यांनाच सांगते.

आकडे पण सांगते, कारण ताईंना त्यांनीच धीर आला. ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला साधारण ८ तास चालतो असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. ताईंनी मोबाईलमधे आवाज मोजायचं अॅप टाकलं, एक दिवस जाऊन आल्या, त्यांच्या मशीनपाशी ९६ ते ९९ दाखवत होतं. मोबाईलचं माप काटेकोर नसतं, चार-पाच इकडेतिकडे धरा, पण दाखवतंय तेवढा खरंच असेल तर तासभराच्या व्यायामाला तो जास्तच आहे.

आता गंमत बघा, ताईंचे मिस्टर अंबडला एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर आहेत. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "अगं, एवढ्या आवाजात आम्हाला कानात प्लग घातल्याशिवाय सुपरवायझर उभं करत नाही." दुसऱ्या दिवशी दोरीवाले केशरी प्लग आणून दिले. ताई माझ्यासमोर रडल्या त्या दिवशी, आकड्यामुळे नाही, तर तीन महिने स्वतःला आळशी म्हणत होत्या म्हणून.

पण खरं काम पुढे होतं, म्हणजे बोलणं. मी विचारलं, ट्रेनरला कधी सांगितलंत? तर म्हणे हो, दोनदा. काय सांगितलं? "दादा, जरा आवाज जास्त वाटतोय का हो?" आणि हे हसत हसत. तो पण हसला, "काकू, एनर्जी येते हो!" म्हणाला आणि विषय संपला. आपल्याकडे बायकांना सगळं प्रश्न करून विचारायची सवय लावलेली असते, कोणाला वाईट वाटू नये म्हणून, आणि मग समोरच्याला कळतच नाही की आपण काही मागितलंय. मग आपण गप्प बसतो, गप्प बसतो, आणि एक दिवस तरी भडकतो नाहीतर जाणं सोडतो.

आम्ही खोलीत चार-पाचदा ते बोलून बघितलं, मी ट्रेनर व्हायचे. पहिल्यांदा ताई तिसऱ्या शब्दाला "सॉरी हं" म्हणाल्या. शेवटी जे ठरलं ते असं: गाणं बंद असताना, म्हणजे सकाळी पावणेसहाला उघडल्या उघडल्या जायचं, मोबाईलवरचा आकडा दाखवायचा आणि एकच नेमकी गोष्ट मागायची. "केबल मशीनच्या वरचा स्पीकर भिंतीकडे फिरवा आणि सहा ते साडेसातच्या बॅचला आवाज एवढ्या खुणेवर ठेवा." गाणी बदला, बेस कमी करा, एसी पण जास्त आहे, असलं काही जोडायचं नाही. नाही म्हणाला तर मालकांना दोन ओळीत लिहून द्यायचं, सोबत बॅचमधल्या अजून दोघांची नावं घ्यायची. ती विचारल्यावर चार निघाली, त्यातल्या एक आजोबा तर कानात कापूस घालून येत होते. कापसाने काही होत नाही, फोमचा प्लग नीट वळून आत बसवला तरच उपयोग. आणि जिमच्या आवाजावर मात करायला आपले इयरबड मोठ्याने लावणं म्हणजे कानावर दुहेरी मार, ते तर नकोच. प्लगही जिमपुरतेच, दिवसभर घालून बसलं तर साधं भांडं पडलं तरी दचकायला होतं.

पोलिसात जाऊ का असंही विचारतात. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमात व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५, रहिवासी भागाला ५५ आणि ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या परिसराची. जिमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ती कामाची, आतल्या मेंबरने आधी बोलूनच बघावं असं माझं मत.

ताई बोलल्या. ट्रेनर आधी "बघतो" म्हणाला, मग ताईंनी ठरलेलं नव्हतं असं एक विचारलं, "माझा तासभर जातो रे, तू इथे आठ तास असतोस, तुझे कान वाजतात का?" तो पोरगा, चोवीस-पंचवीसचा असेल, गप्प झाला आणि म्हणाला, "रात्री झोपताना वाजतात काकू." स्पीकर त्याच दिवशी फिरला. आवाज सकाळच्या बॅचला उतरला, संध्याकाळी अजून तसाच असतो, आणि मधे कोणीतरी येऊन वाढवतं तेव्हा ताई प्लग घालतात नाहीतर जाऊन सरळ सांगतात. सासूबाईंना कानाचं मशीन लावायचा विषयही त्यांनी स्वतःच घरी काढला, त्यावर अजून कुरबुर चालू आहे.

मागच्या महिन्यात भेटल्या तेव्हा त्या ट्रेनरबद्दलच बोलत होत्या. त्याला ऑडिओमेट्री करून घे म्हणून मागे लागल्यात, तो "पुढच्या आठवड्यात" म्हणतो, आणि ह्या दर सोमवारी विचारतात.