गळाआधी बर्फाचं बघा

तुम्ही दोघं पहिल्यांदाच मासे धरायला निघताय, तर गळ-दोरीपेक्षा बर्फाची चिंता जास्त करा. मासा हाती आला की लगेच पोट साफ करायचं, कल्ले काढायचे आणि बर्फात पुरायचा. वितळलेलं पाणी काढत राहा, नाहीतर मांस पिचपिचीत होतं. पहिल्या वर्षी आम्ही ऐन उन्हाळ्यात बादलीत तसेच आणले होते. गाडीतला वास आठवडाभर गेला नाही, आणि हिने महिनाभर माशाचं नाव काढू दिलं नाही!

गळाच्या भरवशावर पाहुणे मात्र बोलावू नका. रिकाम्या हाताने परतायचे दिवसच जास्त. पाहुणे येणारच असतील तर हंगामात साठवलेला मासा आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा. आणि मासे अंडी घालतात त्या विणीच्या दिवसांत गळ घरीच.