एक बोल्ट ढिला राहिला आणि इंजिन दोनदा खोललं

प्रश्न : नमस्कार. सदर नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच कारण आता डोकं चालेनासं झालंय. माझ्याकडे १९९०ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ वाली. चार वर्षं बिनतक्रार चालली, मग टायमिंग बेल्ट बदलून घेतला आणि तिथून साडेसाती सुरू झाली. महिन्याभरात पिकअप गेला, चढावर रडायला लागली. मेकॅनिक म्हणाला सेन्सर गेलाय, बदलला. मग म्हणाला टायमिंग जरा पुढे घेतो, दोन दिवस बरी चालली आणि परत तेच. शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितलं, चारही सिलिंडरला कमी आलं, म्हणाला रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) संपल्या, इंजिन काम करावं लागेल. केलं. जेवढ्याला गाडी घेतली होती जवळजवळ तेवढेच पैसे त्यात गेले. त्यानंतर ६०० किलोमीटरसुद्धा झाले नसतील, गरम झाली की ऑईल प्रेशरचा काटा तळाला लोळायला लागला आणि एक दिवस खालून ठोके ऐकू यायला लागले, बंद केली. दुसऱ्याकडे टो करून नेली. त्याने चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवून फोटो पाठवले, ऑईलच्या जाळीत करड्या रबरासारखे तुकडे अडकलेत, तीन नंबरचं रॉड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडला जातो तिथलं) तांबूस झालंय, आणि वर क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला चावीची खाच फाटलीय. पहिला म्हणतो, जुनी गाडी आहे, मी काय करणार. चूक नक्की कोणाची? आणि परत इंजिन बांधू की नाद सोडू?

उत्तर : गाडी जुनी आहे हे खरंय, पण तुमच्या इंजिनात जे झालंय ते वयामुळे झालेलं नाही. तुमच्या इंजिनाच्या रिंगा पहिल्यांदा खोललं तेव्हा बहुतेक ठणठणीत होत्या, असं माझं मत.

सुरुवात बेल्टपासूनच करू. या गाडीच्या पहिल्या काही वर्षांच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे, १९९१च्या सुमारास कंपनीने ते बदलून लांब आणि दणकट केलं. पुलीवर चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब, अशी ओळख हे इंजिन हाताळणारे सांगतात. तुमची १९९०ची म्हणजे आखूडच. टायमिंग बेल्टचं दातेरी चाक या टोकावर बसतं आणि मधला एक मोठा बोल्ट त्याला घट्ट दाबून धरतो. अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते ना खाचेत, लोकांना वाटतं सगळा जोर तीच पेलते. तसं नाहीये. चावीचं काम फक्त चाक योग्य जागी बसवायचं, जोर पेलतो बोल्टचा दाब. तो टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) न लावता हाताच्या अंदाजाने आवळला, किंवा जुनाच ताणलेला बोल्ट परत वापरला, की चाक केसभर हलायला लागतं, प्रत्येक फेरीला चावी खाचेच्या भिंतीवर आपटते आणि खाच रुंद होत जाते. चाक मागे सरकतं म्हणजे बेल्टने फिरणारा कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) मागे पडला, म्हणजे वॉल्व्ह उशिरा उघडणार उशिरा मिटणार. गेला पिकअप. इंजिन चालू ठेवून पुली समोरून बघितली असती तरी डुगडुगताना दिसली असती, याला टॉर्चपलीकडे काही लागत नाही!

आता टायमिंग पुढे घेतल्यावर दोन दिवस बरी का चालली? इग्निशनचा सेन्सर कॅमच्या मागच्या टोकाला असतो, तो फिरवून ठिणगी पुढे आणता येते, पण वॉल्व्ह चुकलेलेच राहतात. त्यात पुलीसुद्धा त्याच ढिल्या टोकावर असल्याने तिच्यावरची खूणच खोटं बोलत होती, टायमिंग लाईट लावून उपयोग काय. एक नंबरचा प्लग काढून भोकात एक लांब काडी सोडायची, हाताने इंजिन फिरवायचं, आणि पिस्टन खरंच सगळ्यात वर येतो तेव्हा खूण टीडीसीवर, म्हणजे पिस्टनच्या वरच्या टोकाच्या निशाणीवर, आहे का बघायचं. पाच मिनिटांचं काम.

कॉम्प्रेशनचं तर मला खरंच वाईट वाटलं, कारण उत्तर तिथेच समोर होतं. इनटेक वॉल्व्ह उशिरा मिटला की आत घेतलेली हवा थोडी परत बाहेर जाते आणि आकडा कमी येतो, तोही चारही सिलिंडरला सारखाच. रिंगा झिजतात तेव्हा इतक्या शिस्तीत चारही एकदम झिजत नाहीत, एखादा जास्त पडतो. आणि खात्री करायची जुनी रीत आहेच, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून परत मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा टायमिंग. हे केलं होतं का विचारा त्याला. केलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्यांदा जे गेलं ते वेगळं. ते करडे तुकडे म्हणजे सीलंट. या इंजिनाचा चेंबर सीलंट लावूनच बसवतात, त्यात गैर काही नाही, पण बारीक एकसंध रेघ हवी. मोठा थर दिला की चेंबर आवळताना तो दोन्हीकडे दाबून निघतो. बाहेर निघालेला थर पुसला जातो, आतला तसाच लोंबतो, गरम ऑईलमध्ये सुटतो आणि सुतळीच्या तुकड्यांसारखा पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. पंप उपाशी, बेअरिंग कोरडं. तांबूस रंग म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर घासून गेला आणि खालचं तांबं उघडं पडलं. तुमच्या मॉडेलचा प्रेशर काटा खरा आहे हे नशीब, पुढे १९९५च्या आसपास कंपनीने त्याजागी नुसता दिखाऊ काटा दिला, प्रेशर जरा असलं की मधोमध जाऊन उभा राहणारा. तो असता तर ठोके येईपर्यंत पत्ताच लागला नसता.

चूक कोणाची याचं उत्तर एका प्रश्नात निघेल. रिबिल्ड करताना घेतलेली मापं लेखी मागा. बोअर किती, रिंग गॅप किती, बेअरिंगला क्लिअरन्स किती. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालणारा हिशोब आहे हा, नजरेने होत नाही. शिवाय क्रँक हातात घेऊन मोजणाऱ्याला ती फाटलेली खाच दिसली नाही असं होऊच शकत नाही. मापं नसतील तर रिबिल्ड झालंच नाही, खोललं, धुतलं आणि नव्या रिंगा घालून बंद केलं. जाळी धुवू देऊ नका, तशीच पिशवीत ठेवा, बेअरिंग आणि क्रँकसुद्धा. दुसऱ्या मेकॅनिककडून जे दिसलं ते तारखेसकट लिहून सही घ्या आणि मगच पहिल्याशी बोला. तोंडी भांडणात जुनी गाडीच हरते.

परत बांधायचं का? हा क्रँक नको. फाटलेल्या खाचेत चिकट द्रव भरून चावी बसवायचा जुगाड आहे, बरेचजण करतात आणि काहींचा वर्षानुवर्षं टिकतोही, पण तुमच्या क्रँकचं रॉडकडचं जर्नलसुद्धा (बेअरिंग बसतं तो गुळगुळीत भाग) खराब झालं असणार, त्यामुळे इथे अर्थ नाही. नंतरच्या इंजिनाचा लांब टोकाचा क्रँक त्याच्या चाक-पुली-बोल्टसकट बसतो. त्याहून स्वस्तात सुटायचं असेल तर चांगलं चालू अवस्थेतलं सेकंडहँड इंजिन, कॉम्प्रेशन समोर मोजून. बांधलंच तर ब्लॉकमधले ऑईलचे सगळे मार्ग उघडून धुवायला लावा आणि पंप नवा घ्या, बेअरिंगचा चुरा तिथे लपलेला असतो. आणि पहिला स्टार्ट द्यायच्या आधी प्लग काढून प्रेशर दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा, त्या वेळी तुम्ही तिथे उभे राहा.

प्रश्न : माझी पण हीच गाडी, १.६. धावता धावता टायमिंग बेल्ट तुटला. इंजिन गेलं का?

उत्तर : नाही. या इंजिनात वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत, नवा बेल्ट घाला, सोबत वॉटर पंप आणि टेन्शनर बघून घ्या. मात्र हे सगळ्याच गाड्यांना लागू नाही, बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की वॉल्व्ह वाकतातच. आणि हो, मधला बोल्ट आवळताना टॉर्क रेंच दिसला पाहिजे. वरचा प्रश्न वाचलाच असेल.