यादी शंभरावर थांबते, कारण पुढचं पान कोडने मागितलेलंच नसतं

तुमचा प्रश्न असा की गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात शेकडो पीडीएफ डोळ्यांना दिसतायत, पण पायथॉनमधून यादी काढली की शंभरच येतात. बाकीच्या कुठं गेल्या, आणि आतल्या फोल्डरांचं काय करायचं?

कुठं गेल्या नाहीत. ड्राइव्हकडून यादी मागायच्या फाईल्स-लिस्ट ह्या कॉलला पेजसाईज, म्हणजे एका पानात किती नोंदी हव्यात ते, सांगितलं नाही तर ती एका वेळी १०० नोंदी देते, आणि सोबत नेक्स्टपेजटोकन नावाची एक लांबलचक स्ट्रिंग. ती पुढच्या कॉलला पेजटोकन म्हणून द्यायची, टोकन यायचं बंद होईपर्यंत. साधा व्हाईल लूप. उत्तर इथंच संपलं असतं, पण हा शंभरचा आकडा बघितला की माझं डोकं अजून फिरतंय.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीतून एका वेळी वितळवून काढलेल्या धातूच्या घाण्याचं, टेस्ट सर्टिफिकेट निघतं, आम्ही टीसी म्हणतो. कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे टक्के, टेन्साईल, हार्डनेस, खाली सही-शिक्का. ते स्कॅन करून हीट नंबरच्या नावाने ड्राइव्हवर टाकायचं काम क्वालिटीच्या मॅडमकडे. गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं की माल ज्या हीटचा, तिची टीसी समोर ठेवावी लागते. मालकांनी पुण्याच्या एका कन्सल्टंटकडून प्रोग्रॅम करून घेतला होता: फोल्डरातली यादी शीटमध्ये ओढायची, डिस्पॅचच्या रजिस्टरशी ताडायची, जी टीसी नाही ती ओळ लाल.

ऑडिटच्या तोंडावर अख्खी शीट लाल झाली.

"मॅडम, टीश्या कुठं घातलासा ओ?" मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मॅडम गोकाककडच्या, मराठी कळतं पण भांडायची वेळ आली की कन्नडच येतं. "एल्ला हाकेन्री सर, एल्ला हाकेन्री," म्हणजे सगळ्या घातल्यात, असं म्हणत त्यांनी मोबाईलवर फोल्डर उघडून अंगठ्याने यादी सरकवून दाखवली. फाईली दिसत होत्या. तरी मालकांचं एकच, "मग कॉम्प्युटर काय खोटं बोलतंय?" शेवटी बाईंनी लाल ओळी बघून पीडीएफ परत चढवायला घेतल्या.

मी शीटच्या तळाला जाऊन बघितलं तर यादीत बरोब्बर १०० नावं. फाउंड्रीत कुठली गोष्ट बरोब्बर शंभर निघते? कन्सल्टंटला फोन लावला. आधी म्हणाला, तुमच्याकडं नेट स्लो असेल. मग म्हणाला, गूगलची लिमिट आहे. मग पेजसाईज १००० केला आणि म्हणाला, झालं काम. मी म्हटलं, १००० हे कमाल आहे, एक हजार एकावी फाईल आली की परत हेच. त्यावर साहेब हसून म्हणतात, "तुमच्या तिकडं एवढ्या हीट होतात का?"

ह्याचं उत्तर तेव्हा फोनवर नीट देता आलं नाही, आता देतो. एक, होतात. दोन, गूगलच्याच कागदपत्रात लिहिलंय की यादी संपायच्या आधीसुद्धा एखादं पान अर्धवट किंवा चक्क रिकामं येऊ शकतं. म्हणजे फोल्डरात तीनशेच फाईली असल्या तरी १००० मागून एका कॉलवर भरवसा ठेवता येत नाही. पानात किती नोंदी आल्या ते मोजून थांबायचं नाही, टोकन नसेल तरच थांबायचं. तीन, त्याच्या कोडात फील्ड्समध्ये, म्हणजे उत्तरात काय काय हवं ते सांगायच्या जागी, फक्त आयडी आणि नाव मागितलेलं होतं. फील्ड्स स्वतः लिहून दिले की त्यात नेक्स्टपेजटोकनही लिहावं लागतं, नाहीतर टोकन येतच नाही. त्याने लूप लावला असता तरी पहिल्या फेरीत संपला असता. तुमचंही हेच असणार, आधी ती ओळ बघा.

काम बाहेर द्यायचं तर द्या, पण पैसे द्यायच्या आधी फोल्डरात दीडशे रिकाम्या फाईली टाकून समोर यादी काढायला लावा.

आतल्या फोल्डरांचं: 'इन पेरेंट्स'वाली क्वेरी फक्त थेट आतलं देते, नातवंडं देत नाही. माईमटाईप, म्हणजे नोंदीचा प्रकार, फोल्डरचा असेल तर त्याचा आयडी घेऊन परत तीच क्वेरी चालवा. शॉर्टकट मात्र वेगळे हाताळावे लागतात.

काही गोष्टी राहिल्या. क्वेरीत ट्रॅश्ड इज-इक्वल-टू फॉल्स घाला, नाहीतर कचऱ्यातलंही यादीत येतं. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमचं खातं, वापरत असाल तर फोल्डर त्याच्या ईमेलला शेअर केलेला लागतो. शेअर्ड ड्राइव्ह असेल तर सपोर्ट्स-ऑल-ड्राइव्हज आणि इन्क्लूड-आयटम्स-फ्रॉम-ऑल-ड्राइव्हज हे दोन्ही ट्रू करा. आणि ड्राइव्ह-डॉट-फाईल हा स्कोप, म्हणजे कोडला दिलेली परवानगी, घेतला असेल तर हाताने चढवलेल्या फाईली कोडला दिसायच्याच नाहीत.

घाबरून कुणी परत अपलोड केलं असेल तर ड्राइव्ह एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली खुशाल ठेवतो, त्यामुळं नावावर डिक्शनरी बांधू नका, आयडीवर बांधा. डुप्लिकेट शोधायला फील्ड्समध्ये एमडी५चेकसम, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, मागा. दोन्हींचा एकच असला तर एक उडवा, वेगळा असला तर उघडून बघा, कारण परत स्कॅन केलं की कागद तोच असला तरी चेकसम बदलतो. आमच्याकडं ते उघडून बघायचं काम मॅडमनीच केलं. कन्सल्टंटचं बिल त्याच्या आधीच पास झालं होतं.