वाचकांचे प्रश्न : तेरा नंबरचं घर आणि चुन्याचे सांधे

प्रश्न : मुलगी लंडनला शिकते. लिंकन्स इन फील्ड्समधल्या १३ नंबरच्या घराचा फोटो तिने पाठवला. शेजारची घरं विटांची. हेच एक पांढऱ्या दगडाचं आणि चांगलं पुढे आलेलं. उन्हाळ्यात आम्ही जाणार आहोत, तर घराचा इतिहास सांगाल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हे सर जॉन सोन यांचं घर, आता ते संग्रहालय आहे. गवंड्याच्या घरी जन्मलेले सोन १७८८ ते १८३३ या काळात बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद होते. शेजारची विटांची दोन्ही घरंही त्यांचीच. १२ नंबर त्यांनी १७९२ मध्ये बांधायला घेतलं, १३ नंबर १८१२ मध्ये, आणि १४ नंबर १८२४ मध्ये पुरं केलं.

लंडनच्या १७७४ च्या इमारत कायद्याने घरांचे चार दर्जे पाडले होते आणि भिंतीची जाडी दर्जावर ठरत होती. आगीच्या भीतीने खिडकीची लाकडी चौकटही विटेच्या आड दडवायची सक्ती होती. त्या काळच्या रांगा इतक्या सपाट दिसतात त्यामागे हा कायदाही आहे. सोन यांनी पोर्टलंड दगडाची, म्हणजे पांढऱ्या चुनखडकाची, गॅलरी रांगेपुढे काढली, तेव्हा त्या भागाच्या सर्वेक्षकाने हरकत घेतली. बांधकाम आपल्याच जागेत आहे, हा सोन यांचा मुद्दा टिकला आणि गॅलरी वाचली. आज तिला काचा दिसतात, पण त्या मागाहून बसवल्या; आधी ती मोकळी होती.

वरच्या दोन स्त्रीमूर्ती दगडाच्या वाटतात, पण त्या कोड स्टोनच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या आहेत. मातीत आधी भाजून कुटलेली भांडी, गारगोटी आणि काचेचा चुरा मिसळत. भट्टीत माती आकसते, तिला चिरा जातात. या भरडीमुळे आकसणं कमी होतं. काचेमुळे माती भट्टीत घट्ट जमते, म्हणून लंडनच्या धुरातही या मूर्तींची नाकं-डोळी शाबूत राहिली.

आत न्याहारीच्या खोलीत मान जरूर वर करा. घुमट भिंतींना टेकलेला नाही. दोन बाजूंच्या फटींतून वरचा उजेड भिंतींवर उतरतो. घरात ठिकठिकाणी पिवळी काच आहे, तिच्यामुळे तिथल्या करड्या दिवसालाही उन्हाचा रंग येतो. चित्रांची खोली जेमतेम चार मीटर लांब, पण चित्रं ११८! भिंती म्हणजे बिजागऱ्यांवरची दारं आहेत, ती उघडली की मागे आणखी चित्रं. दारं कर्मचारी उघडतात, तेव्हा थांबून पाहा. प्रवेश फुकट आहे. सोमवार-मंगळवारी बंद असतं. होबर्न स्टेशनवरून पायी पाच मिनिटं.

प्रश्न : हे घर ‘लिस्टेड’, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत, आहे म्हणून जसंच्या तसं राहिलं का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही. मुलाशी बिनसल्यावर सोन यांनी १८३३ मध्ये संसदेकडून खास कायदाच करून घेतला : घर मरणसमयी जसं असेल, शक्यतो तसंच राखायचं. १८३७ मध्ये ते गेले आणि तो लागू झाला. लिस्टिंगची पद्धत १९४७ च्या कायद्यातून रुळली. हे घर पहिल्या श्रेणीत आहे, आणि त्या श्रेणीत इंग्लंडच्या यादीतल्या शेकडा अडीचच इमारती आहेत.

दर्शनी भागापुरतंच संरक्षण असतं, हा गैरसमज सर्रास आढळतो. जिना, आतली गिलाव्याची नक्षी, शेकोटीची चौकट, सगळंच त्यात येतं. परवानगीवाचून मोडतोड हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. शिवाय आधीच्या मालकाने केलेलं नव्या मालकाला निस्तरावं लागतं. घर घेणारे याच ठिकाणी फसतात.

प्रश्न : तिथल्या जुन्या घरांचे सिमेंटचे सांधे खरवडून पुन्हा चुना भरतात, असं वाचलं. आमचा महालातला वाडा विटा-चुन्याचा आहे. आम्हीही तसंच करावं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सिमेंट भरलेल्या सांध्यांशेजारी विटांचे पापुद्रे सुटत असतील तर जरूर करा. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल विटेतून निघते, क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि पापुद्रे सुटतात. अशा वेळी वीट वाईट निघाली असं म्हणतात. दोष सांध्याचा असतो.

सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल, छिन्नीने काढा. ग्राइंडर लावू नका, विटांच्या कडा जातात. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली खरबरीत वाळू तीन भाग घ्या. सांधा ओला करून माल दाबून भरा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, पण त्यासाठी त्याच्यात ओल टिकावी लागते. आपल्या मे महिन्यात तो दिवसभरात सुकतो आणि बोटाने भुगा होतो. म्हणून काम पावसाळा संपल्यावर काढा आणि भिंतीवर निदान आठवडाभर ओली पोती ठेवा. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर छिन्नी लावण्याआधी परवानगी घ्या.