जिभेखालची गोळी म्हणजे दुसरं व्यसन का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ गर्द ओढायचा, आता दोन महिने झाले ओपीडीत जिभेखाली ठेवायची गोळी घेतोय, कामावर पण जातो. पण घरचे म्हणतात एक नशा सोडून दुसरी लावली, गोळी बंद कर. काय करू? - एक बहीण, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, गोळी बंद करू नका हो. ती ब्युप्रेनॉर्फिन आहे, मेंदूत गर्द जिथे जाऊन बसतो तिथेच ती बसते पण अर्धवटच काम करते, त्यामुळे टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा अंगदुखी-अस्वस्थतेचा त्रास) लागत नाही, तलफ कमी होते आणि ठरलेल्या डोसात नशाही चढत नाही. तो रोज वेळेवर उठून कामावर जातोय हे घरच्यांना दिसत नाही का? गोळी चघळायची किंवा गिळायची नाही, पाच-दहा मिनिटं विरघळू द्यायची, तोवर पाणी चहा काही नाही, नंतर चूळ भरायची नाहीतर दात किडतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत, श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं.

आणि खरी भीती वेगळीच आहे, गोळी मध्येच सोडली की शरीराची गर्द पेलायची सवय मोडलेली असते आणि पोरगा परत पूर्वीएवढाच गर्द ओढतो, तिथेच जीव जातो. कमी करायची तेव्हा डॉक्टरच हळूहळू करतील, काहींना वर्ष-दोन वर्षं, काहींना जास्तही लागतात. पुढच्या खेपेला आईला सोबत ओपीडीत न्या, डॉक्टरांकडूनच ऐकू दे. मध्ये काही अडलं तर व्यसनमुक्ती हेल्पलाइनला १४४४६ वर फोन करा, फुकट आहे.